सही कोणाची? प्रतिपालक कुटुंबातील मुलीच्या सांस्कृतिक देवाणघेवाण प्रवासाचे एक प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी गावात प्रतिपालक कुटुंबाकडे, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, वाढणाऱ्या एका मुलीची सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, वर्षात उत्तराखंडातील कुमाऊँ भागात जाणाऱ्या युवकांच्या गटात निवड झाली. त्या निवडीपासून, ती परत येऊन तिकडच्या मुलींना आपल्या घरी पाहुण्या म्हणून ठेवून घेईपर्यंतचा काळ या लेखात मांडला आहे. समुपदेशक म्हणून माझा या प्रकरणाशी सुरुवातीपासून संबंध आला. मुलीचे नाव, गाव, कॉलेज किंवा उपक्रम चालवणारी संस्था यांचा उल्लेख येथे केलेला नाही आणि ओळख पटू नये इतपत काही तपशील बदलले आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलगी आता सज्ञान आहे. तरीही तिच्या बालपणाची हकीकत नावानिशी छापणे मला योग्य वाटत नाही.

उपक्रमाचे स्वरूप साधे होते. कर्नाटकातील काही तरुण मुलेमुली ऑक्टोबरच्या दसऱ्याच्या सुट्टीला जोडून दोन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस अल्मोडा परिसरातील घरांत राहतील, त्यांच्याबरोबर जेवतील, शेतावर जातील, त्यांच्या कला शिकतील आणि आपल्याकडच्या दाखवतील. पुढे जानेवारीत तिकडची मुले इकडे येतील. केंद्र सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या 31 ऑक्टोबर 2015 रोजी जाहीर झालेल्या कार्यक्रमात कर्नाटकाची जोडी उत्तराखंडाशी लावलेली आहे आणि या खासगी संस्थेने तीच जोडी उचलली होती. सोळा ते एकवीस वयाच्या कोणालाही अर्ज करता येत होता. प्रतिपालक कुटुंबातील मुलांसाठी वेगळी व्यवस्था नव्हती आणि अर्जाच्या नमुन्यात तशा मुलांचा विचारही नव्हता.

या प्रकरणात पैसा आडवा आला नाही, कारण रेल्वेभाडे व राहण्याचा खर्च संस्था करणार होती. मुलीची पात्रता हाही प्रश्न नव्हता. लेझीम, रांगोळी आणि वक्तृत्व या तिन्हींत ती कॉलेजात पुढे होती. प्रकरण अडले ते या मुलीला राज्याबाहेर पाठवण्याच्या कागदावर सही कोणी करायची या प्रश्नावर. माझ्या मते त्याचे उत्तर अवघड नव्हते. तो प्रश्न ‘बालकाच्या रजेचा’ म्हणून विचारला गेला, म्हणून ते अवघड झाले. ‘बालकाच्या संगोपनाचा’ म्हणून विचारल्यावर ते सुटले.

पार्श्वभूमी

मुलीचे वडील मराठी, गवंडीकाम करणारे. आई बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. आई आजारपणात वारली तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. वडील गोव्यात कामाला गेले ते हळूहळू येईनासे झाले. मुलगी काही वर्षे एका बालगृहात राहिली, तेथे सर्व व्यवहार कन्नडमध्ये होता. नंतर बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांच्या काळजीबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील कायदेशीर समितीच्या, आदेशाने तिला त्याच अधिनियमाच्या कलम 44 खाली या मराठी शेतकरी कुटुंबात ठेवण्यात आले. घरात पतीपत्नी आणि वृद्ध आई. मुलगी त्यांना काका, मावशी आणि आजी म्हणते. भात आणि रताळी ही त्यांची पिके. नवरात्राच्या उपवासासाठी बेळगावच्या बाजारात रताळ्याला जी मागणी येते, तिच्यावर या भागातील अनेक घरांचे वर्षाचे गणित बसते. प्रवासाची तारीख नेमकी याच हंगामाच्या शेपटाला आली होती, ही गोष्ट मावशींनी एकदाच बोलून दाखवली आणि पुन्हा काढली नाही.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण गावात आणि कधीकधी शाळा-कॉलेजांतही दोन्हींची गल्लत होते. दत्तकविधानाने मूल कायद्याने त्या घरचे होते. प्रतिपालक कुटुंबाकडे मूल समितीच्या आदेशाने राहते, जन्मदात्यांचे नाते तुटत नाही, आणि समितीच्या मते मुलाच्या हितास बाध येत नसेल तर जन्मदाते मुलाला भेटूही शकतात. मुलाचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी प्रतिपालकावर असून त्याने मुलाचे सर्वांगीण हित पाहायचे असते, असे कलम 44 म्हणते. मात्र पालकत्वाचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे जात नाही. रोज डबा देणारी, तापात रात्रभर उशाशी बसणारी मावशी सहलीच्या संमतिपत्रावर ‘पालक’ या रकान्यात सही करू शकते की नाही याबद्दल कोणालाच खात्री नसते, ती या रचनेमुळे.

सीमेचा प्रश्न

अर्ज जिल्हा बाल संरक्षण एककाकडे गेल्यावर पहिला प्रश्न आला: बालक यापूर्वी राज्याबाहेर गेले आहे काय? खरे उत्तर ‘होय, अनेकदा’ असे होते. मुलीची सख्खी आत्या चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात राहते. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी आली की राज्य बदललेले असते. गणपतीला, यात्रेला, किंवा कधी नुसतीच रविवारी मुलगी आत्याकडे जाऊन यायची, आणि वडिलांच्या बाजूचे तेवढे एकच नाते शिल्लक असल्याने काका-मावशी त्याला उत्तेजनच देत. या जाण्यायेण्यासाठी कोणी कधी परवानगी मागितली नव्हती आणि मागायची असते हे कोणाच्या मनातही आले नव्हते. बेळगावच्या पश्चिमेला राहणाऱ्या कोणत्याही मराठी घराची सोयरीक, शेती, बाजार हे सगळे राज्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असते. राज्य पुनर्रचना 1956 साली झाली, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण आत्याकडे जायची बस या दोन्हींची वाट पाहत नाही.

काका हे उत्तर लिहून द्यायला कचरले. आजवरच्या भेटी नियमभंग ठरल्या तर मुलीला घरातून हलवतील, ही भीती त्यांना होती, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ज्या कुटुंबाचा हक्क दर महिन्याच्या तपासणीवर अवलंबून असतो ते कुटुंब अशाच रीतीने विचार करणार. माझा आग्रह खरे लिहिण्याचा होता, आणि तेवढ्यावर न थांबता त्या भेटींचे महत्त्व लिहिण्याचाही होता. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी स्वीकारला. त्याचे अनुच्छेद 20 सांगते की कुटुंबाबाहेर ठेवलेल्या मुलाची व्यवस्था ठरवताना त्याच्या संगोपनातील सातत्य आणि त्याची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी यांचा योग्य विचार व्हावा. आत्याकडच्या भेटी म्हणजे नेमके हेच सातत्य होते. समितीपुढे ते या शब्दांत मांडल्यावर त्या भेटींची नोंद मुलीच्या वैयक्तिक देखभाल योजनेत ‘नातेवाइकांशी संपर्क’ या सदराखाली घेण्यात आली, आणि पुढे त्याच योजनेत उत्तराखंडच्या प्रवासाला जागा मिळाली.

रजा की संगोपन

तत्पूर्वी एक वळण आले. कार्यालयीन पातळीवर प्रथम कलम 98 चा आधार शोधला गेला. हे कलम संस्थेत ठेवलेल्या बालकाला अनुपस्थितीची परवानगी देण्याविषयी आहे: परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, जवळच्याचा मृत्यू, आईवडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार अशा विशेष प्रसंगी, देखरेखीखाली, प्रवासाचा वेळ वगळून एका वेळी सामान्यतः सात दिवसांपेक्षा अधिक नाही. या यादीत सांस्कृतिक प्रवास बसत नाही आणि दिवसांची मर्यादाही पुरत नाही. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर तयार झाले होते, आणि ज्याने ते तयार केले त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याने हाताशी असलेल्या कलमांपैकी सर्वांत जवळचे उचलले होते.

परंतु हे कलम मुळात संस्थेतील बालकाबद्दल आहे. ही मुलगी संस्थेत नव्हती, कुटुंबात होती. कुटुंबातील मूल सहलीला जाते तेव्हा ते ‘रजेवर’ जात नाही. मुलाला चार भिंतींतून काढून घरात ठेवण्याचा हेतूच असा असतो की इतर घरांतील मुलांना जे सहज मिळते ते त्याला मिळावे. आणि मग त्याच्या प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाला संस्थेचा नियम लावायचा असेल तर घर आणि संस्था यांत फरक तो काय राहिला? अमेरिकेत हा प्रश्न फार जुना आहे. तेथील फॉस्टर केअरमधील मुलांना मैत्रिणीकडे एक रात्र राहण्यासाठीही यंत्रणेची परवानगी लागण्याची तक्रार वर्षानुवर्षे होती. 2014 च्या संघीय कायद्याने तेथे एक कसोटी घालून दिली: एखादा समंजस व दक्ष पालक आपल्या मुलाबाबत जसा निर्णय घेईल, तसा निर्णय शालेय, सांस्कृतिक व सामाजिक उपक्रमांबाबत प्रतिपालकाला स्वतः घेता यावा. आपल्या कायद्यात अशी स्पष्ट तरतूद नाही. म्हणून ‘सर्वांगीण हित’ या कलम 44 मधील शब्दांवर आणि देखभाल योजनेवर आम्ही मदार ठेवली.

समितीने अखेर तेच मान्य केले. रजेचा आदेश निघाला नाही. देखभाल योजनेत दुरुस्ती झाली आणि प्रवासाला लेखी मान्यता मिळाली. अटी वाजवी होत्या. गटाबरोबर महिला समन्वयक असावी, यजमान कुटुंबाची माहिती आधी मिळावी, तिकडच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण एककाला कळवलेले असावे, आणि वैद्यकीय तातडीत कोणी निर्णय घ्यायचा ते लिहिलेले असावे. आदेश कन्नडमध्ये होता. काकांना व्यवहारापुरते कन्नड येते, पण सरकारी कागदाचे कन्नड ही वेगळीच गोष्ट आहे. सही करण्यापूर्वी तो ओळीओळीने मराठीत समजावून सांगितला गेला, आणि सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी गृहीत धरावी असे मला वाटते.

वडिलांच्या संमतीचाही मुद्दा निघाला, कारण ते हयात होते. आत्यामार्फत त्यांचा पत्ता लागला. ‘जाऊ दे की, मला काय विचारता’ एवढेच ते फोनवर बोलले. पुढे आत्याने गोव्याला निरोप पाठवून त्यांची कागदावर सही आणवली. मुलीने तो कागद पाहायला मागितला, बराच वेळ पाहिला आणि परत दिला. तिने त्यावर काही बोलावे अशी अपेक्षा आम्ही ठेवली नाही.

येथे ओघाने परदेश प्रवासाविषयी. अशा मुलांनी देशाबाहेरील उपक्रमांत का जाऊ नये, असे अनेक प्रतिपालक विचारतात, आणि भारतीय शाळकरी मुलांना अमेरिकेतील यजमान कुटुंबात वर्षभर ठेवणारा केनेडी-लुगर ‘येस’ हा तेथील सरकारचा कार्यक्रम अनेकांनी ऐकलेला असतो. तेथे अडचण पारपत्रापासून सुरू होते, कारण अल्पवयीनाच्या पारपत्रासाठी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची घोषणा लागते आणि प्रतिपालक हा कायदेशीर पालक नसतो. अनाथ मुलांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून संस्थाप्रमुखाचे लेखी निवेदन चालेल, अशी सवलत डिसेंबर 2016 मध्ये जाहीर झाली. तिचा उपयोग संस्थेतील मुलांना होतो. ज्याचे वडील कुठेतरी हयात आहेत अशा कुटुंबस्थ मुलाची वाट त्याहून लांबची असते, आणि ती चालायची असेल तर सोळाव्या वर्षीच सुरुवात करावी लागते.

‘आपल्या घरची परंपरा’

संस्थेच्या नमुन्यात एक पान असे होते: आपल्या कुटुंबाचे छायाचित्र, आजीकडून शिकलेला एक पदार्थ, घराण्यात चालत आलेली एक परंपरा. इतर मुलांनी ते पान एका बैठकीत भरले. या मुलीने ते कोरे ठेवून बाकी सर्व पाने पूर्ण केली.

ज्या मुलीचे बालपण तीन छपरांखाली गेले, तिला ‘आपले’ काय हे विचारणे क्रूरपणाचे नसले तरी बेसावधपणाचे नक्कीच होते. माझ्या पाहण्यात अशी मुले दोनपैकी एक गोष्ट करतात: एक तर खोटे कुटुंब रचतात आणि मग पूर्ण प्रवासभर ते सांभाळत बसतात, नाहीतर अर्जच मागे घेतात. संस्थेच्या समन्वयकांशी बोलून त्या पानाचा प्रश्न बदलून घेतला: ‘तुला येणाऱ्या आणि दुसऱ्याला शिकवाव्याशा वाटणाऱ्या तीन गोष्टी’. मुलीने लिहिले: शाळेत शिकलेली लेझीम, बालगृहात पाठ केलेली कन्नड वचने (बसवेश्वरादी शरणांच्या रचना), आणि आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या. या तीन गोष्टी एका अर्जात दिसल्यावर समन्वयकांना नवल वाटले, मला वाटले नाही. बेळगावच्या कित्येक घरांत सासू एका भाषेत रागावते आणि सून दुसऱ्या भाषेत उत्तर देते; या मुलीच्या वाट्याला ते घरांच्या बदलातून आले एवढाच फरक.

गावातून मात्र वेगळी हरकत आली. गट ‘कर्नाटकाचे प्रतिनिधी’ म्हणून जाणार होता. काकांच्या भावकीतील एकाने ‘कर्नाटकाच्या पाटीखाली पोरीला नाचायला पाठवणार काय?’ असा सवाल घरी येऊन केला. सीमाप्रश्नावर माझी स्वतःची मते आहेत आणि ती या लेखात आणण्याचे कारण नाही. पण ज्या मुलीच्या आईची भाषा कन्नड होती आणि जी मराठी घरात रमली आहे, तिच्या खांद्यावर मोठ्यांचे भांडण ठेवू नये, एवढे मी त्या गृहस्थांना सांगितले. काकांनी त्याहून कमी शब्दांत सांगितले: ‘पोरगी जाऊ दे. पाटी तिनं लिहिलेली नाही.’ संस्थेनेही समंजसपणा दाखवून प्रत्येकाने आपल्या तालुक्याचे नाव सांगावे असे ठरवले. परतीची पहिली तारीख 1 नोव्हेंबर होती. कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, म्हणजे राज्योत्सवाची, मिरवणूक आणि मराठी भाषकांचा काळा दिन यांमुळे त्या दिवशी बेळगाव शहरातून गावी पोहोचणे किती कठीण असते हे बाहेरच्या संस्थेला ठाऊक नव्हते. ती तारीख ऑक्टोबरच्या शेवटाकडे मागे घेण्यात आली.

दुसरी एक मागणी आम्ही सरळ नाकारली. देणगीदारांसाठीच्या पत्रकात या मुलीची ‘प्रेरणादायी कहाणी’ छायाचित्रासह देण्याचा संस्थेचा विचार होता. कलम 74 दाखवल्यावर तो मागे पडला. गटातील इतर मुलांना तिच्याबद्दल काय सांगायचे हे तिनेच ठरवले: ‘काका-मावशीकडे राहते’, एवढेच. येथे एक बारीक अडचण होती. तिच्या आधार कार्डावर पत्ता अजून बालगृहाचा होता आणि रेल्वेत ओळखपत्र दाखवताना ते शेजारच्या मुलीच्या नजरेस पडले असते. मान्यताप्राप्त कॉलेजचे छायाचित्र असलेले ओळखपत्र रेल्वेत चालते, म्हणून तेच वापरायचे ठरले आणि आधार कार्ड समन्वयक बाईंकडे बंद पाकिटात राहिले.

पिशवीतली मार्कलिस्ट

निघण्याच्या आठवड्यात मावशींच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलीने पिशवीत कपड्यांबरोबर एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मूळ मार्कलिस्ट, जन्माचा दाखला, आईचा एकमेव फोटो आणि जुन्या वह्या भरल्या होत्या. दोन आठवड्यांच्या प्रवासाला वह्या कशाला, असे मावशींनी विचारले तेव्हा मुलगी काही बोलली नाही. मावशींनी तिला रागावण्याऐवजी मला फोन केला, हे त्यांचे शहाणपण.

बोलण्यातून निघाले ते असे. प्रवासाच्या दुसऱ्या आठवड्यात तिला अठरा वर्षे पूर्ण होणार होती. अठरा झाली की मुली जातात, हे तिने बालगृहात पाहिले होते. प्रतिपालक कुटुंबाचे मासिक अनुदान, जे मिशन वात्सल्य योजनेत दरमहा 4,000 रुपये आहे, तेही अठराव्या वर्षी थांबते हे तिने कोणाच्या तरी बोलण्यातून ऐकले होते. या दोन गोष्टी जोडून तिने निष्कर्ष काढला होता की हा प्रवास म्हणजे तिला सभ्यपणे घराबाहेर काढण्याची व्यवस्था आहे. परक्या प्रदेशातले ‘यजमान कुटुंब’ हे पुढचे घर आहे.

इतर मुलांना यजमान घरी राहणे हे साहस वाटते. ज्या मुलाला यापूर्वी न सांगता, एका पिशवीनिशी, अनोळखी दारात उभे केले गेले आहे त्याच्या दृष्टीने मात्र नवे घर, नवे जेवण, नवी अंथरूण-पांघरुणे यांचा क्रम ओळखीचा असतो आणि तो सुखाचा नसतो. म्हणून अशा मुलांची तयारी इतरांसारखी ‘तिथे काय काय बघशील’ इथून सुरू न करता ‘परत कधी आणि कुठे येशील’ इथून सुरू करावी लागते. या मुलीसाठी जे केले ते सगळे अगदी साधे होते. परतीचे तिकीट छापून तिच्या हातात दिले. कागदपत्रे मावशींच्या कपाटात एका खणात ठेवून किल्ली तिच्याकडे दिली. आईचा फोटो मात्र तिने बरोबर नेला. यजमान बाईंशी आधी दोनदा व्हिडिओ कॉल झाला. रोज रात्री जेवणानंतर मावशींना फोन करायचा, आणि बोलावेसे वाटले नाही तर नुसता मिस्ड कॉल द्यायचा, असे ठरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाढदिवसानंतरही ती याच घरी राहणार आहे, हे काका-मावशींनी तोंडी न ठेवता देखभाल योजनेच्या शेवटच्या पानावर लिहून सह्या केल्या. त्या लेखाला कायद्याचे बळ किती, हा भाग वेगळा. मुलीने तो दोनदा वाचला आणि वह्या पिशवीतून काढल्या.

अठराव्या वर्षाची कागदी बाजूही सांभाळावी लागली. भारतीय सज्ञानता कायदा, 1875 नुसार अठरा पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान होते. समितीचा आदेश आणि वैद्यकीय संमतीचे पत्र त्या दिवसापर्यंतच लागू होते. पुढच्या दिवसांसाठी तिची स्वतःची संमती हवी होती आणि ती अल्पवयात आगाऊ घेऊन उपयोग नव्हता. म्हणून दुसऱ्या कागदांचा संच कोरा बरोबर दिला आणि तिने त्यावर अल्मोड्यात, वाढदिवशी, समन्वयक बाईंसमोर सही केली.

प्रवास आणि परतफेड

प्रवासाबद्दल थोडक्यात. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, दिल्लीहून काठगोदाम, तेथे रेल्वे संपते, पुढे घाटरस्ता. सुमारे 1,600 मीटर उंचीवरच्या ऑक्टोबरमधील रात्री तिला कडाक्याच्या वाटल्या. पहिले काही दिवस ती जेवणावर बसायची आणि फार खायची नाही. मडुव्याची रोटी पानात आली तेव्हा ती नाचणीची आहे हे तिने चवीवरून ओळखले, आणि आपल्याकडे भाकरी हातावर थापतात हे यजमान बाईंना करून दाखवले. तिथून तिची चूल जमली. गेरूने सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने बोटांनी काढायची ऐपण ही कुमाऊँची कला. तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मुलगी ती चटकन शिकली. चिमटीतून सोडायच्या रांगोळीपेक्षा ओल्या रेषेला चूक मिटवायची संधी कमी असते, असे तिचे निरीक्षण होते.

दोन रात्री नुसते मिस्ड कॉल आले. तिसऱ्या रात्री तिने बराच वेळ बोलून रताळ्याला काय दर मिळाला ते विचारले.

परत आल्यानंतरचा आठवडा प्रवासापेक्षा कठीण गेला. चिडचिड, कॉलेजला दांडी, आजीवर एकदा आवाज चढवणे. काका घाबरले, ‘तिकडे काही झालं काय?’ असे त्यांनी विचारले. तसे काही झाले नव्हते. दोन आठवडे सांभाळून राहिलेले मूल सुरक्षित जागी आल्यावर सैल सुटते, हे प्रतिपालकांना आधी सांगून ठेवलेले असले म्हणजे ते बाहेर कारण शोधत नाहीत. काका-मावशींना सांगितलेले होते, तरी प्रत्यक्ष घडताना ते आठवणे सोपे नसते.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास कुमाऊँच्या दोन मुली या घरी राहायला आल्या. प्रतिपालक घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची माहिती गृहभेट अहवालात असते, त्यामुळे बालक घरात असताना बाहेरच्यांचा मुक्काम आधी कळवावा लागला असता. आता मुलगी सज्ञान असल्याने तो प्रश्न उरला नव्हता, तरी कळवण्यात आले. भोगीची भाजी, तिळाची भाकरी, शेतावर जाणे, राजहंसगडाची चढण असे ते दिवस गेले. आजवर ती प्रत्येक घरात नंतर आलेली होती. या वेळी प्रथमच कोणीतरी तिच्या घरी नवे आले होते आणि पाण्याचा नळ किती वाजता येतो, कुत्रे कोणते चावते, आजीला कोणता विषय आवडत नाही हे ती सांगत होती. प्रवासाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मी उपक्रमाच्या या अर्ध्या भागाला देईन. खर्च वाढतो म्हणून अनेक संस्था हाच भाग गाळतात.

जे सुटले नाही

अनुदान थांबले. कायद्यातील ‘अनुरक्षण सेवा’, म्हणजे अठरा ते एकवीस वयातील आधार, यांची व्याख्या संस्थात्मक काळजीतून बाहेर पडणाऱ्यांपुरती केलेली आहे आणि कलम 46 देखील बालगृह सोडणाऱ्या मुलांविषयीच बोलते. कुटुंबात वाढून अठरा पूर्ण करणारे मूल या शब्दयोजनेत बसत नाही. म्हणजे संस्थेत राहिली असती तर जो आधार तिला सहज मागता आला असता, तो घर मिळाल्यामुळे मागणे अवघड झाले. मुलगी पूर्वी बालगृहात होती, या नोंदीच्या आधारे वाढदिवसापूर्वीच अर्ज दिला होता. हे लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाची फी काकांनी रताळ्याच्या पैशांतून भरली आहे.

मुलीने पुढच्या गटाबरोबर साहाय्यक म्हणून जाण्यासाठी नाव दिले आहे. त्या गटात प्रतिपालक कुटुंबातील एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या देखभाल योजनेचा वार्षिक आढावा येत्या महिन्यात असून प्रवासाची नोंद, वैद्यकीय संमती आणि आईच्या बाजूच्या निपाणीकडील नातेवाइकांशी संपर्क हे तिन्ही विषय त्याच बैठकीत ठेवण्यास सांगितले आहे.